तिसऱ्यांदा टाइप करायचं नाही

सर पाठीमागे येऊन उभे राहिले की कळायचं नाही. चपला ते दाराबाहेर काढत आणि चालताना पाय उचलून टाकत. आपण मान खाली घालून काळ्या पडद्यावर एखादी लांबलचक कमांड टाइप करत असायचो. ती पहिल्यांदा टाइप केली तर काही नाही. थोड्या वेळाने तीच पुन्हा केली तरी काही नाही. तिसऱ्यांदा पहिली दोन अक्षरं पडली, की कानाशी पेन्सिलीचा आवाज यायचा. टक्, टक्, टक्. मागे वळून पाहिलं तर सर कानावर पेन्सिल ठेवून आपल्या टेबलाकडे परत निघालेले असायचे.

"एकदा केलं तं काम," ते जाताजाता म्हणायचे, "दोनदा केलं तं सराव. तिसऱ्यांदा केलं तं गधेपणा."

यवतमाळच्या एका गल्लीत, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. आम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत असू. गाडी फाटकातून आत आली की तिचं वजन, कापसाची प्रत, पावती आणि शेवटी गाठीवर पडणारा नंबर, असा सगळा प्रवास त्यात असे. कापसाचे ते वाईट दिवस होते. वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर आमचा जिल्हा असायचा, आणि बाहेरगावचे पत्रकार बसस्टँडवर उतरून कुणाच्या तरी गावचा रस्ता विचारत असायचे. अशा काळात एखाद्या पोरीला इथेच, कॉम्प्युटरवर काम मिळेल असं कुणी म्हटलं असतं तर आमच्या तांड्यावर हसले असते.

मी आर्णीजवळच्या तांड्यावरची. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात माझा डावा हात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली. यवतमाळला राहून बीएस्सी केलं, कॉम्प्युटर घेऊन केलं, पण नोकरीला जाईन तिथे आधी टायपिंगची परीक्षा. मी हात टेबलावर ठेवला की समोरचा माणूस प्रश्न विचारायचं सोडून पंख्याकडे बघायला लागे. 'कळवतो' म्हणत. कुणी कळवलं नाही.

सरांनी टायपिंग विचारलंच नाही. मी समोर बसले तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते. बराच वेळ टोकच करत राहिले. मग त्यांनी विचारलं, मला कोणत्या कामाचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो. असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. हापशीवरून पाणी आणायचा. बाकीच्या पोरी दोन हातांत दोन घागरी आणत, मला एकच धरता येई, म्हणून माझ्या खेपा दुप्पट. मग मी काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बापूच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागून बांबूची कावड करून घेतली. खांद्यावर घेतली की हाताचा प्रश्नच नाही. आणि मग खेप वाचते म्हटल्यावर तांड्यावरच्या धडधाकट पोरीही कावड मागायला येऊ लागल्या.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "उद्यापासून ये," म्हणाले. मुलाखत तेवढीच.

सर मुळात तार ऑफिसातले. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्या लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि यांनी जेवणाच्या सुट्टीतही उठायचं सोडून दिलं. पुढे मुदतीआधीच नोकरी सोडून स्वतःचं दुकान मांडलं. पण तार त्यांच्या अंगातून गेली नव्हती. तारेत शब्दाला किंमत असते, ही त्यांची जन्माची शिकवण. शुभेच्छांच्या तारांना पूर्वी नंबर असत. लग्नाचा एक नंबर, पास झाल्याचा दुसरा. इकडून नुसता नंबर जायचा आणि तिकडे पूर्ण वाक्य कागदावर उतरून घरी पोचायचं. सर ते अशा कौतुकाने सांगत, जसं कुणी आपल्या गावच्या जत्रेबद्दल सांगावं.

ते आयुष्यही त्याच हिशेबाने जगत. सकाळी एकदा नमस्कार झाला की दिवसभर पुन्हा नाही. कुणी रस्त्यात विचारलं, कसं काय, तर म्हणायचे, "कालच्यासारखं." समोरच्या चहावाल्याला ते गॅलरीतून बोटं दाखवत. एक बोट म्हणजे बिनसाखरेचा, दोन म्हणजे सगळ्यांना, आणि मूठ म्हणजे पाहुणा कंजूष आहे, अर्धाच पाठव. मोबाईल नवे होते तेव्हा. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक मिस्ड कॉल म्हणजे निघालो. दोन म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे भाकरी टाक. काकू म्हणायच्या, "लग्नाले इतके वर्षं झाले, पन पूर्ण वाक्य मी फक्त भांडणात आयकलं."

आमच्या कामात तर त्यांना रान मोकळं होतं. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की ती खरंच चालते का हे बघायला केवढा खटाटोप लागे. आधी जुना प्रोग्राम थांबवा, नवा बांधा, तो चाचणीच्या मशीनवर पाठवा, तिथे जाऊन सुरू करा, मग त्याच्या नोंदी उघडून चुका शोधा. प्रत्येक पायरीला एक लांब कमांड, मध्ये फोल्डरांची नावं, तिरप्या रेघा, टिंबं. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून कितीदा तरी हे चाले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुनीलची बोटं ज्वारी फुटल्यासारखी कळांवर तडतडत. त्याची एक फेरी होई तोवर मी अर्ध्यावर असे. संध्याकाळपर्यंत उजव्या हाताच्या मनगटातून कळ खांद्याकडे चढायची. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर नोकरी गेली असती, असं मला वाटे.

पहिल्याच आठवड्यात सर खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, मशीनले टोपणनाव समजते. लांब कमांडला आपण एक छोटं नाव ठेवायचं, ते एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं, मग पुढे नुसतं नाव घेतलं की काम होतं. आणि अनेक कमांडा असतील तर त्या ओळीने एका फाईलमध्ये मांडायच्या आणि त्या सगळ्या वरातीला मिळून एक नाव द्यायचं.

मी विचारलं, नाव काय ठेवू? इंग्रजीत ठेवू का?

"कायले? तुह्या घरी 'ये' ले काय म्हनते?"

कॉलेजात मी गोरबोलीचा, आमच्या बंजारा भाषेचा, एक शब्द तोंडातून निसटू दिला नव्हता. तांड्यावरची आहे हे लपायचं नाही, पण भाषेने तरी उघड पडू नये, अशी माझी खबरदारी असे. हळूच म्हटलं, "आव."

"अन् बस?"

"बेस."

"मंग झालं तं. नाव जिभेवरचं पाह्यजे, ते आठवा लागत नाही."

त्या दिवसापासून चाचणीच्या मशीनवरून फाईल आणायची असली की मी 'आव' टाइप करी, आणि चालता प्रोग्राम थांबवायचा असला की 'बेस'. कंट्रोलची कळ करंगळीला बरोबर सापडे, तेवढं तरी यंत्राने माझं ठेवलं होतं. महिन्याभरात माझी आणि सुनीलची फेरी बरोबरीने पूर्ण होऊ लागली. मग सुनीलनेही माझी फाईल मागून घेतली. हा देशमुखाचा पोरगा दिवसभर 'आव', 'बेस' टाइप करत बसे आणि काकू डबा घेऊन आल्या की त्यांना 'बेसा, काकू' म्हणे. आमच्या भाषेत असं म्हणत नाहीत हे मी त्याला सांगितलं नाही. मला ते ऐकायला बरं वाटे.

एका बाबतीत मात्र सरांचा नियम उलटा होता. सुनीलने एकदा जुन्या फाईली पुसून टाकायच्या कमांडला 'साफ' असं नाव ठेवलं. सरांना दिसलं तेव्हा त्यांनी पेन्सिल आपटली नाही. शेजारी बसले आणि ते नाव त्याच्याच हातून काढायला लावलं. पुसायचं असेल तेव्हा पूर्ण ओळ, पूर्ण पत्त्यासकट, अक्षर अक्षर टाइप करायची. सुनील वैतागला. म्हणाला, सर, तुमचाच नियम आहे ना.

"हाताले वेळ लागला पाह्यजे," सर म्हणाले. "तेवढ्यात डोकं मांगून येते."

मग त्यांनी सांगितलं, ते कधी सांगत नसत असं. तार ऑफिसात दुखवट्याच्या तारेलाही नंबर होता. लोक यायचे, गडबडीत तोच नंबर लिहायचे. सर खिडकीतून फॉर्म परत सरकवत. म्हणत, दोन शब्द तुमचे लिहा, काय लिहावं सुचत नसेल तर बाकावर बसा, सुचेल. वरच्या साहेबांकडे तक्रारी गेल्या की हा बाबू खिडकीवर रांग लावतो. पण त्यांनी तो नंबर आपल्या हाताने पाठवला नाही. त्या वर्षांत आमच्या ओळखीतही मयती होत होत्या. एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्याचा भाऊ गेला, तेव्हा सर ऑफिस बंद करून त्याच्या गावी गेले आणि दिवसभर त्याच्या ओट्यावर बसून आले. काय बोलले, विचारलं, तर म्हणाले, बोलायले नव्हतो गेलो.

आता उमरखेडची गोष्ट. त्या बाजूला आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला, आणि त्यांच्याकडच्या मशीनवर आमचा नवा प्रोग्राम बसवायचा होता. नेमके तेव्हा सर चिकनगुनियाने आडवे झाले. घरोघरी लोक त्याने आजारी पडले होते. सरांची बोटं सुजून एवढी झाली की पेन्सिलही धरवेना. सुनीलच्या घरी तीच तऱ्हा. राहिले मी. एसटीने निघाले, आर्णीवरून पुढे महागाव आणि मग उमरखेड.

फाटकाबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सडकेवर लांबवर लागले होते. लोक आदल्या दिवसापासून थांबलेले, गाड्यांखाली चुली मांडलेल्या. अडचण प्रोग्रामची नव्हती, विजेची होती. भारनियमन चाललं होतं. लाइट जायची, जनरेटर खोकत खोकत सुरू व्हायचं, तेवढ्यात मशीन बंद पडलेलं असायचं. पुन्हा चालू केलं की वीसेक ओळी टाइप कराव्या लागत. अर्धवट राहिलेली नोंद सोडवा, डेटाबेस उठवा, ट्रॅक्टरचा मोठा काटा जोडा, बैलगाड्यांचा छोटा काटा जोडा, पावतीचा प्रिंटर जागा करा. तिथला ऑपरेटर घाईघाईत हे करायचा, आणि आदल्याच दिवशी त्याने दोन काट्यांची अदलाबदल करून टाकली होती. बैलगाडीचं माप ट्रॅक्टरच्या पावतीवर. फाटकावर हातघाई होता होता राहिली होती.

मी पहिल्यांदा सगळं हाताने टाइप केलं, नीट बघत बघत. काटे सुरू झाले, चार गाड्या आत आल्या, आणि लाइट गेली. पुन्हा टाइप केलं. पुन्हा गेली. खिडकीशी माणसं गोळा झाली. मालक, त्यांना सगळे शेठजी म्हणत, माझ्यामागे उभे राहून माझा डावा हात बघत होते. मग ते बोललेच.

"पोरी, तुह्या सरले सांग, दोन हाताचा मानूस धाडा."

मी पुढची ओळ टाइप करत राहिले. शेठजींनीच खिशातून मोबाईल काढला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. बराच वेळ ते एकटेच बोलत होते. मग बोलायचे थांबले. मग आत आले आणि मला म्हणाले, तुला किती वेळ पाहिजे?

मी म्हटलं, अर्धा तास काटे बंद ठेवा. मला टाइप करायचं नाही, लिहायचं आहे.

बाहेर इतकी माणसं ताटकळत असताना काटे बंद ठेवा म्हणायला छाती लागते, ती माझ्यात कुठून आली ठाऊक नाही. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला धुपाटं बांधलेले, रात्रभर गाडीखाली काढलेले. ते म्हणाले, "घे बाई टाइम. पन माप चुकवू नोको."

मी लिहायला बसले. त्या वीस ओळी क्रमाने मांडल्या. कोणता काटा कुठल्या तारेवर आहे हे मशीननेच तपासावं आणि अदलाबदल दिसली तर तिथेच थांबावं, असं घातलं. पहिल्या खेपेला ते अडकलं, कारण प्रिंटर गरम व्हायच्या आधीच त्याला हाक जात होती. तिथे थोडी थांबायची ओळ घातली. शेवटी या सगळ्याला मिळून एक नाव ठेवलं: 'ऊठ'. आमच्याकडे आणि मराठीत, दोन्हीकडे एकच. इंग्रजी कळांवरची यू, टी, एच ही तीन अक्षरं मी खडूने वर्तुळ करून दाखवली, आणि पुढची एंटरची मोठी कळ.

लाइट जायची वाट बघायला लागली नाही. ती गेली, जनरेटर आलं, मशीन उठलं. ऑपरेटरऐवजी मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं, कारण ऑपरेटर जेवायला गेला तरी काटे थांबू नयेत. त्याने एका बोटाने तीन अक्षरं दाबली, मग मोठी कळ. पडद्यावर ओळी धावल्या. छोट्या काट्याचा आकडा आला, मोठ्या काट्याचा आला, प्रिंटर कुरकुरला. धुपाटं बांधलेल्यांची गाडी पहिली आत घेतली.

संध्याकाळच्या चहाला तिथल्या मुनीमजींनी मला सांगितलं, व्हरांड्यात ते शेठजींच्या शेजारीच उभे होते, फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. शेठजी तावात आले होते, माणूस बदला म्हणत होते. तर तुमच्या सरांनी तापात, बसक्या आवाजात त्यांना सांगितलं: मानूस बदलनार नाही. तुमाले पटत नसन तं गिऱ्हाईक बदलतो.

त्या हंगामात ते गिऱ्हाईक गेलं असतं तर ऑफिस टिकलं नसतं. हे सरांना माहीत होतं, आणि मलाही. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, गाडी लागते का? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. ते अंथरुणावर बसून होते, काकू बोटांना तेल लावत होत्या. शाबासकीची मला सवय नव्हती, तरी थोडी आशा होतीच. त्यांनी एवढंच विचारलं, किती अक्षरं झाली? मी म्हटलं, तीन.

"दोनात झालं असतं," सर म्हणाले. आणि काकू तेलाची वाटी ठेवून हसायला लागल्या.

पुढे पुण्याच्या एका कंपनीत मला काम मिळालं. तिथल्या मुलाखतीत मला एक किचकट काम करायला दिलं होतं, आणि मी ते करण्याआधी त्याच्या पायऱ्यांना नावं ठेवायला लागले. समोरचे लोक खुर्च्या सरकवून जवळ आले. कुणी पंख्याकडे बघितलं नाही. हे सगळं मी सरांना सांगायला गेले तो हिवाळ्याचा दिवस होता. सरांनी ऐकून घेतलं. आनंद झाला की नाही ते चेहऱ्यावरून कळेना.

मग म्हणाले, "हात दुखते का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हाताचं नाव काढलं नव्हतं. कधी त्याच्याकडे बघतही नसत. मी सांगितलं. उजवा संध्याकाळी दुखतो. डावा थंडीत दुखतो, जिथे बोटं होती तिथे.

"मले वाटलंच. पन मी इचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं, अन् मंग नाहीच म्हनत राह्यली असती."

"म्हणून ती टोपणनावं शिकवलीत?"

"मले पाहून कंटाळा येत होता," ते म्हणाले. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. मग त्यांनी हात पुढे केला. मी माझा डावा हात त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं त्या तापानंतर कायमची थोडी वाकडी झाली होती. त्यांनी माझा हात उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आपली बोटं टेकवत नेली, मनगटाभोवती फिरवली. बराच वेळ धरून बसले. मला वाटलं, निरोप देत आहेत. डोळे भरून आले म्हणून मी खाली बघत राहिले. ते म्हणाले, मोठ्या ऑफिसात एसी असते, बोटं आखडतात. तेवढंच.

मी पुण्याला गेले. ऑफिसात खरंच गारठा होता. काही दिवसांनी यवतमाळहून एक पुडकं आलं. आत लोकरीचा एक मोजा होता, हाताचा, एकाच हाताचा. मधल्या तीन बोटांची जागा सरळ विणून बंद केलेली. अंगठ्याला वेगळं घर, करंगळीला वेगळं घर, आणि दोन्हींची टोकं उघडी, कळा दाबता याव्यात म्हणून.

मी काकूंना फोन केला. म्हटलं, माप कसं कळलं तुम्हाला?

"मले कुठलं माहीत," काकू म्हणाल्या. "तू भेटून गेली त्याच दिवशी यायनं कागदावर काढून देलं."

फोन ठेवला आणि हात घातला. कुठे ढिला नव्हता, कुठे आवळत नव्हता.